आडव्या फोटोचा उभा ताप

डोंगरांची अख्खी रांग एका फोटोत मावावी या हौसेपायी माणूस किती वजन वाहतो, हे मित्राचा फुजी जी६१७ हा लांबरुंद फोटोंचा कॅमेरा घेऊन राजगड चढेपर्यंत मला ठाऊक नव्हते. सहा सेंटिमीटर उंच आणि सतरा सेंटिमीटर रुंद अशा निगेटिव्हसाठी फिल्म सपाट ताणून धरायची, तिच्या दोन्ही टोकांना रिळांची सोय करायची आणि समोर १०५ मिलिमीटरची लेन्स बसवायची, म्हटल्यावर कॅमेऱ्याचा पाट होणारच. लेन्सला धक्का लागू नये म्हणून तिच्यापुढे दांड्यांचे कुंपण असते. ते लेन्सला वाचवते आणि वाहणाऱ्याच्या बरगड्या मोजते. १२० नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर जेमतेम चार फोटो निघतात. त्यांतले पहिले दोन मी लेन्सचे झाकण न काढताच काढले, कारण या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर लेन्समधून पाहत नाही आणि त्यातून तोरणा मोठा झकास दिसत होता.

मग आटोपशीर म्हणून जुना होरायझन २०२ घेतला. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या या कॅमेऱ्यात साधी ३५ मिलिमीटरची फिल्म कमानीत वळवलेली असते आणि २८ मिलिमीटरची लेन्स नळकांड्यात बसून डावीकडून उजवीकडे मान फिरवते. फोटो २४ × ५८ मिलिमीटरचा आणि दृष्टी १२० अंशांची! एवढे दिसणाऱ्याला धरणाऱ्याची बोटेही दिसतात, म्हणून खाली लावायला मूठ दिलेली असते. ती पिचकारीसारखी दिसते म्हणून मी घरीच ठेवली. परिणामी भाच्याच्या मुंजीच्या प्रत्येक फोटोत उजव्या कडेला माझे बोट, निमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखे, हजर आहे.

खरा घोटाळा झाला तो ग्रुप फोटोत. लेन्स वळत जाते तेव्हा सरळ ओळीतली मधली माणसे तिला जवळ पडतात आणि टोकांची लांब. त्यामुळे मधले आजोबा पोळ्याच्या बैलासारखे पुढे आले आणि टोकाचे मामा पार आक्रसले.

"अरे, आहेर हलका वाटला म्हणून मला एवढासा दाखवलास का रे?" मामांनी पंगतीएवढ्या मोठ्या आवाजात विचारले.

यावर इलाज एकच, तो म्हणजे माणसांना कॅमेऱ्याभोवती कमानीत बसवणे. पुढच्या लग्नात मी तिकाटण्याला सुतळी बांधून मांडवात रांगोळीने अर्धवर्तुळ आखले, त्यावर चाळीस नातेवाईक मानापमान सांभाळत बसवले, कॅमेऱ्याची पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला, मूठही लावली. फोटो उत्तम आला असावा. असावा म्हणायचे कारण, फिल्म धुणाऱ्या दुकानदाराने सवयीने नेहमीच्या छत्तीस मिलिमीटरच्या चौकटी धरून तिच्या पट्ट्या कापल्या होत्या. नवरी एका पट्टीत गेली आणि नवरा दुसऱ्या. मामा मात्र या वेळी पूर्ण आकारात आले आहेत.