मामा, घाटात न्यूट्रल टाकू नका

'४० वर्षं ट्रक चालवलेल्या उस्तादाचे ५ मंत्र' नावाचा मेसेज सध्या फिरतो आहे. चार ग्रुपांतून आला, चारही वेळा मी सोडून दिला. मागच्या आठवड्यात मात्र मामाच्या पिकअपमध्ये बसलो होतो. चिखलदऱ्यात किराणा टाकून आम्ही परतवाड्याकडे निघालो. पहिलं वळण गेलं आणि मामानं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

"काहून मामा?"

"अबे, डिझेल वाचते. मेसेज नाही वाचला काय तू?"

धामणगाव गढीला चहाला थांबलो तोवर चाकांतून जळका वास येत होता. मामा बाटलीतलं पाणी ओतणारच होता, मी हात धरला. इतक्या तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

म्हणून आधी हाच मंत्र घेतो. 'उतारावर गिअर काढा, जमल्यास इंजिनही बंद करा, डिझेल फुकट.' हल्लीच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनात डिझेल सोडणारा इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल लागत नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे ते पितच राहतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या अ‍ॅम्बेसेडरला हा मंत्र थोडाफार लागू होता, हे कबूल. रस्ता सपाटीला लागताना हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जरा लांब जाते, तेही कबूल. पण घाटात गाडी लांब न्यायची नसते, आवरायची असते. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. गिअर काढला की सगळा भार एकट्या ब्रेकवर. ब्रेक तापत जातो, तापला की पकड सोडतो, आणि मग कितीही दाबा.

इंजिन बंद करणं तर निव्वळ येडेपणा. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या जिवावर चालतो. ते बंद झालं की दोन-तीनदा दाबेपर्यंत साठलेला जोर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. स्टेअरिंग जड होतं. चावी पुरती फिरली तर ते लॉकही होऊ शकतं, तेही वळणावर! खऱ्या ट्रकवाल्याला विचारा, तो सांगेल: ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतर. हा उस्ताद कोणत्या घाटात ४० वर्षं होता कोण जाणे.

दुसरा मंत्र: 'उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो.' खाली इंडियन ऑइलचं नाव. त्याच इंडियन ऑइलनं जाहीर खुलासा केला आहे, की उन्हाळा असो की हिवाळा, कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला हरकत नाही. ज्याच्या नावावर मेसेज विकता तोच नाही म्हणतो, तर बोलायचं काय उरलं? २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. पण पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला दोनशेच्या बऱ्याच वर तापमान लागतं. हां, नोझल खट्कन बंद झाल्यावरही 'राउंड फिगर कर भाऊ' म्हणत तोंडापर्यंत भरू नका. पेट्रोल तापून फुगतं, त्याला जागा हवी.

'सकाळी १० मिनिटं गाडी चालू ठेवा.' ट्रकच्या एअर ब्रेकला हवा भरायला वेळ लागतो, म्हणून ट्रकवाला थांबतो. तुमच्या कारला अर्धं मिनिट पुरे.

'पावसात चारही इंडिकेटर लावून चालवा.' मग वळताना मागच्याला कळणार कसं? हेडलाइट लावा.

उरला टायरचा. 'उन्हाळ्यात हवा ५ पॉइंट कमी ठेवा.' समृद्धीवर निघणाऱ्यांनो, हे नेमकं उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, दबली की तापते, आणि तापूनच टायर फाटतो. धावताना हवेचा दाब तीन-चार पॉइंट वाढणार, हे धरूनच कंपनीनं थंड टायरचा आकडा दिलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेला असतो.

मामाच्या गाडीत त्या चिठ्ठीवर गजानन महाराजांचा स्टिकर होता. तो काही आम्ही काढला नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक शोधलं, प्लास्टिकच्या पिशवीतून प्रथमच बाहेर काढलं, आणि परतवाड्यात पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेतली. मागच्या दोन्ही टायरांत ८ पॉइंट कमी निघाले.