घरचा केबलवाला

केबल बंद करायचा विचार मला बिल बघून सुचला नाही. सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून रिमोट शोधत होतो, तेव्हा सुचला. समोर टीव्हीवर एक गृहस्थ पोटाला पट्टा बांधून उभे होते आणि या पट्ट्याने चरबी कशी आपोआप वितळते ते सांगत होते. रिमोट सापडेना, उठून टीव्हीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून मी ते वीस मिनिटं पाहिलं. एकविसाव्या मिनिटाला डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस मला दिसावा म्हणून मी दर महिन्याला पैसे मोजतोय!

लगेच वही काढली. आमच्याकडे २८३ चॅनल येत होते. आठवडाभर प्रत्येकाने आपण काय पाहिलं त्याची वहीत खूण करायची, असा फतवा काढला. रविवारी खुणा मोजल्या तर अकरा चॅनल भरले. त्यातला एक पट्टेवाल्याचा होता आणि ती खूण माझीच होती.

"म्हणजे बाकीच्या २७२ चे पैसे आपण उगीच भरतो," मी विजयी मुद्रेने जाहीर केलं.

"वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचतो का आपण?" बायको म्हणाली.

"वाचनालय आपण बंद केलंय."

"हो. तेही तूच केलंस."

कोण टीव्हीपायी किती भरतं ते ज्याचं त्याला माहीत, म्हणून वहीत मी एक सोय केली. केबलचं बिल म्हणजे शंभर. बाकी सगळं त्या शंभराच्या हिशेबात. पहिल्या पानावर ऐटीत लिहिलं: केबल १००. त्याखाली अँटेना ०, एक ओटीटी (म्हणजे वर्गणी भरून इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारी सेवा) २५. बचत ७५. त्या ७५ खाली दोन रेघा मारल्या आणि त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

केबलवाला डबा न्यायला आला. गेली कित्येक वर्षं हाच माणूस. आईला मावशी म्हणायचा, आल्यावर आधी तिच्या गुडघ्याची चौकशी करायचा आणि मगच वायरीला हात लावायचा. "विचार करा, साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, केलाय. वायर गुंडाळता गुंडाळता त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पोहता न येणारा माणूस नदीकाठी कपडे काढायला लागल्यावर नावाडी पाहतो. "नंबर असू द्या माझा," एवढंच बोलला आणि गेला.

पहिला मोर्चा अँटेनाकडे. हवेतून येणारं प्रक्षेपण फुकट असतं, एकदा अँटेना बसवला की महिन्याची कटकट नाही. आपण छपरावरचा माशाचा सांगाडा म्हणून ज्याला ओळखतो तो यागी-उदा अँटेना. १९२६ साली जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो जगापुढे मांडला. प्रयोगांत राबले ते मुख्यतः उदा. पण दोन वर्षांनी इंग्रजीत लेख लिहिला यागींनी, आणि जगभर नुसतं 'यागी' हेच नाव रुळलं. ही गोष्ट मी मोठ्या कौतुकाने लेकीला सांगितली. ती म्हणाली, "कळलं. छपरावर मी चढायचं आणि अँटेना बाबाने बसवला असं सगळ्यांना सांगायचं."

त्यातलं गणित मात्र मला फार आवडलं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये निघते. ५०० मेगाहर्ट्झ असेल तर ६० सेंटिमीटर, आणि मुख्य दांडी त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे ३०. शाळेतल्या फूटपट्टीएवढी दांडी! एवढ्याशा दांडीवर ७५ ची बचत उभी होती.

लेक छपरावर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर अशी साखळी लावली.

"दिसतंय का?"

"आई, दिसतंय का?"

"दिसतंय!"

"दिसतंय गं!"

"गेलं!"

तोवर लेक समाधानाने चार पायऱ्या उतरलेली असे.

जुन्या अँटेनाला थोडी तरी माणुसकी होती. सिग्नल बिघडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, बातम्या देणाऱ्या बाई एकाच्या दोन दिसायच्या, पण बातमी कळायची. डिजिटलला मधली अवस्थाच ठाऊक नाही. एका मर्यादेपर्यंत आरशासारखं चित्र. त्या मर्यादेच्या केसभर खाली गेलात की आधी चौकोन, मग निवेदकाचं अर्धं तोंड गोठलेलं, मग काळोख. या प्रकाराला डिजिटल क्लिफ म्हणतात, म्हणजे कडा, आणि आमचं घर नेमकं त्या कड्याच्या टोकावर बांधलेलं आहे, हे घर घेताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लेक अँटेना धरून उभी असली की सहा चॅनल लख्ख. तिने हात सोडला की दोन. तिला तिथेच ठेवण्याचा विचार बायकोने हाणून पाडला.

त्याच सुमारास कुठेतरी वाचलं की केबल मुळात जन्मालाच अशी आली. १९४८ च्या आसपास अमेरिकेत डोंगराआडच्या गावांत चित्र धड पोचेना, तेव्हा उंचावर एक सामायिक अँटेना उभारून तिथून घरोघर तारा ओढल्या गेल्या. म्हणजे या छपरावरच्या कवायतीला कंटाळूनच लोक तारेकडे गेले होते. मी मोठ्या हुशारीने पाऊणशे वर्षं मागे चालत जाऊन त्याच डोंगराआड बसलो होतो.

दोन चॅनलवर घर चालेना. मग इंटरनेटवरचं ओटीटी टीव्हीवर आणणारी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची ती अंगठ्याएवढी स्टिक आणली. स्टिक लावणं सोपं आहे, दोन मिनिटांचं काम. त्यानंतर पासवर्ड टाकायचा असतो.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं ए पासून झेडपर्यंत ओळीने मांडलेली. रिमोटचा बाण दाबत दाबत एकेक अक्षर गाठायचं. मी सायबर सुरक्षेचे लेख वाचून घाबरणाऱ्यांपैकी असल्यामुळे माझा पासवर्ड सतरा अक्षरी: लहान, मोठी, आकडे, मध्येच एक डॉलरचं चिन्ह. त्यात पहिलंच अक्षर टी. ए वरून टी वर जायला उजवीकडे एकोणीस वेळा दाबावं लागतं, हे मी आता झोपेतही सांगीन. अठरा वेळा नीट होतं. एकोणिसाव्या वेळी स्टिक विचारात पडते. काहीच हलत नाही म्हणून आपण पुन्हा दाबतो, तेव्हा तिला दोन्ही एकदम आठवतात आणि आपण यू वर. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके, त्यामुळे चुकलं कुठे ते कळायची सोय नाही. खोडायचं म्हणून जे बटण दाबलं ते बाहेर पडायचं निघालं. तिसऱ्यांदा चुकल्यावर खातं माझ्या भल्यासाठी काही वेळ बंद झालं.

हे सगळं बघून लेकीने शांतपणे सांगितलं की पडद्यावर कोड येतो, तो मोबाइलमध्ये टाकला की झालं, पासवर्ड लागतच नाही. मी मोबाइल घेऊन बसलो, आई चष्मा लावून पडद्यापाशी उभी राहिली आणि एकेक अक्षर सांगू लागली.

"पुढे?"

"वाटोळं आहे."

"ओ की शून्य?"

"वाटोळं आहे रे!"

शून्य होतं. ते दुसऱ्या कोडच्या वेळी कळलं.

आता वहीकडे वळतो, कारण तिथे फार वेगाने घडामोडी होत होत्या. पहिलं ओटीटी २५. आईची मालिका त्यावर नाही, म्हणून दुसरं २०. लेकीचं म्हणणं असं की तिच्या वयाचं कोणीच ही दोन बघत नाही, तिचं २२. सामने चौथ्याकडे, ३०. झाले ९७. तरी तीन वाचत होते. पण एचडीला तासाला साधारण ३ जीबी लागतात आणि ४के ला ७, हे मला महिन्याच्या बाराव्या दिवशी समजलं, जेव्हा इंटरनेटची मर्यादा संपून टीव्हीवरची माणसं एकेक पाऊल टाकून थांबू लागली. मोठा प्लॅन घेतला, त्याचे वाढीव १८. एकूण ११५. वहीत 'बचत' असा रकाना आखलेला होता. त्यात उणे पंधरा लिहिलं आणि त्यावर कोणाची चहाडखोर नजर पडू नये म्हणून वही मिटून ठेवली.

खरं सांगायचं तर यातून वाट निघते. एका वेळी एकच ओटीटी घ्यायचं, महिनाभर त्यातलं हवं ते बघून संपवायचं, बंद करायचं, मग दुसरं. सामन्यांचं फक्त हंगामात. आणि घेतल्या मिनिटालाच आपोआप होणारं नूतनीकरण बंद करून टाकायचं, कारण 'फुकट महिना' म्हणून घेतलेलं काय केव्हा पैसे कापायला लागलं हे नंतर आठवत नाही. ते बंद करायचं बटण शोधणं हा वेगळा खेळ आहे. घ्यायचं बटण तळहाताएवढं, बंद करायचं पाचव्या पानावर, फिकट राखाडी अक्षरांत, आणि त्याआधी "खरंच जाताय?" असं तीनदा विचारतात. मुलीला सासरी पाठवतानाही इतकं कोणी विचारत नसेल. पण या पद्धतीने वहीतला आकडा ४८ वर आला. म्हणजे निम्म्याहून जास्त वाचले. ही शिस्त घरात लागू करताना आईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिच्या मालिकेचा महिना संपला तेव्हा नायिका नेमकी जिन्यावरून घसरत होती.

सामन्याचं दुःख आणखी निराळं. शेजारच्या काकांकडे अजून केबल आहे. अंतिम सामन्याला आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो, चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर, आणि भिंतीपलीकडून काका ओरडले, "गोल!" आम्ही पुढचं अर्धं मिनिट तो गोल कसा होणार एवढंच बघत बसलो. कारण विचाराल तर इंटरनेटवर चित्र सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे, बरेचदा सहा-सहा सेकंदांचे, तुकडे करतात आणि असे दोन-तीन तुकडे गाठीशी जमल्याशिवाय आपल्याकडे चालूच होत नाहीत. हे मी दुसऱ्या दिवशी काकांना समजावून सांगितलं आणि जरा हळू ओरडायची विनंती केली. तेव्हापासून ते ओरडत नाहीत. भिंतीवर टकटक करतात.

आईचा मूळ आक्षेप मात्र पैशाचा नव्हता आणि पासवर्डचाही नव्हता. "टीव्ही लावला की काहीतरी चालू असायला हवं," ती म्हणाली. "हा नुसता विचारतो, काय बघणार, काय बघणार. मला काय माहीत काय बघणार?" हे मला पटलं. रात्री नऊला आम्ही बसतो, पडद्यावर चौकटींच्या रांगा सरकवतो, हे नको, ते पाहिलंय, हे फार रक्तरंजित, आणि पावणेदहाला दिवे मालवून झोपतो.

म्हणून मी तिच्यासाठी फुकटात चॅनल दाखवणारं एक अ‍ॅप शोधून काढलं. जाहिराती असतात, पण पैसे नाहीत. चॅनल आपले एकापाठोपाठ एक, नंबर दाबला की चालू, मध्येच कुठूनही बघा. आई खूश झाली. मी दमून शेजारी टेकलो, तिने सातवा चॅनल लावला, आणि तिथे पट्टा बांधून ते गृहस्थ उभे. वजन त्यांचंही उतरलेलं नव्हतं.

आता घरात सगळं सुरळीत आहे असं मी म्हणतो. पूर्वी चित्र गेलं की घरचे चौघंही एका सुरात केबलवाल्याला बोलायचे. तेवढ्यापुरती घरात एकी असायची. त्या शंभरात शिव्या खाणारा एक माणूसही धरलेला होता, हे मी हिशेब करताना लक्षात घेतलं नाही. आता वायफाय मंदावलं, अ‍ॅपने स्वतःला अपडेट करून सगळी बटणं हलवली, कावळा अँटेनावर बसला, काहीही झालं की हाक मलाच. रिमोट तीन आहेत. त्यांच्या पाठीवर मी चिकटपट्टीने चिठ्ठ्या लावल्यात: 'आधी हा', 'मग हा', आणि तिसऱ्यावर 'याला हात लावू नये'. बिघाड त्या तिसऱ्यानेच होतो.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन आला. आईचा.

"अरे, दिसत नाहीये."

"काय दिसतंय?"

"काही नाही. निळं."

"आई, मेन स्विच बंद कर, दहा आकडे मोज आणि चालू कर."

"केलं. निळंच आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आवाज खाली आणला आणि माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते मी आयुष्यभर फोनवर ऐकत आलो होतो: "लाइनमध्ये प्रॉब्लेम असेल. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल."

पलीकडे क्षणभर शांतता.

"तोही असंच म्हणायचा," आई म्हणाली. "पण तो निदान गुडघ्याचं विचारायचा."