स्वभावाला औषध नाही म्हणणाऱ्या पालकांसाठी

आपलं पोर मोठेपणी चौघांच्या डोक्यावर पाय देऊन पुढं जावं, असं कुठल्या आईबापाला वाटत नाही? वाटतंच. उघड कुणी बोलत नाही एवढंच. अशा लाजाळू पालकांसाठी या सूचना. त्या कुठंही लागू पडतील, पण माझा अनुभव गोव्यातला आहे आणि अजून ताजा आहे.

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा: ‘माणसाचा स्वभावच तो.’ रांग मोडताना, गावची पायवाट आपल्या कंपाऊंडात घेताना, महाप्रसादाच्या पंगतीत पिशवीतून हळूच डबा काढताना, कुठंही चालतं. समोर जरा शिकलेला माणूस भेटला तर इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचं नाव टाका. वर कुणाचा धाक नसेल तर माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, हे त्यानं १६५१ सालीच लिहून ठेवलंय. म्हणूनच सगळ्यांनी मिळून नियम मानावेत असं तो पुढं म्हणतो, ते सांगायची गरज नाही. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सच्या १९७६च्या ‘द सेल्फिश जीन’ (स्वार्थी जनुक) या पुस्तकाचं तर नुसतं शीर्षक पुरे. जनुक स्वार्थी म्हणून माणसानंही स्वार्थीच वागावं असं त्यात कुठं नाही, उलट मुलांना उदारपणा शिकवायला हवा असंच तो सुरुवातीला बजावतो. पण आतली पानं उलटतंय कोण!

शाळेत आपला डबा कुणाला द्यायचा नाही, दुसऱ्यानं दिला तर नको म्हणायचं नाही.

मूल आपणहून काही मदत करायला आलं की लगेच बक्षीस द्या. आजीला पाणी दिलं, चॉकलेट. चपला नीट लावल्या, दहा रुपये. ही युक्ती माझी नाही. वार्नेकेन आणि टोमासेलो या दोन संशोधकांनी २००६मध्ये दाखवलं की दीड वर्षांची पोरंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतात, कुणी सांगितलेलं नसताना, काही मिळणार नसताना. ही खोड वेळीच मोडायला हवी. कशी मोडायची, तेही त्यांच्याच २००८च्या प्रयोगात आहे: वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं मिळालं, ती पुढं बक्षीस थांबल्यावर इतर मुलांपेक्षा कमी मदत करायला लागली. बघा, दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत काम फत्ते.

दिलेला शब्द पाळू नका. जत्रेत खाजं घेऊ म्हणायचं आणि परतताना ‘उद्या’ म्हणायचं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २०१३मध्ये मुलांसमोर एक मार्शमेलो ठेवला आणि थांबलास तर दोन देईन म्हणून सांगितलं. त्याआधी ज्या मुलांना खडू-स्टिकर देतो म्हणून फसवलं होतं, ती सरासरी तीनच मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती बारा मिनिटं. म्हणजे पोर हावरट असतं की शहाणं, हा प्रश्न आलाच. मिळेल ते आत्ताच तोंडात घाला, मोठ्यांच्या बोलण्याला अर्थ नसतो, हे त्याला कळलेलं असतं. आपण मात्र पाहुण्यांना सांगायचं, ‘जन्मापासूनच अधाशी हो!’

पावसाळ्यात रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमी (अळंबी) उमलायच्या आत उपटून आणायला पोराला सोबत न्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

आता रांगेची सूचना. ही जरा लांबेल.

चतुर्थीच्या तोंडावरची संध्याकाळ. फेरीधक्क्यावर गाड्यांची रांग वळणाच्याही मागं गेलेली. फेरीबोटीत चारचाक्या मावतात त्या किती, हे नदीपलीकडं राहणाऱ्याला सांगायला नको. लोक इंजिन बंद करून खाली उतरलेले, कुणी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची पिशवी सांभाळत, कुणी भजी खात. तेवढ्यात उजव्या बाजूनं एक पांढरी गाडी सगळ्यांना ओलांडून थेट उताराच्या तोंडाशी. बोटीवरचा माणूस हात हलवून ‘फाटीं व्हर’, मागं ने, म्हणतोय, पण काच वर. मी जाऊन काच ठोठावली. साहेबांनी काच चार बोटं खाली केली आणि हसून म्हणाले, ‘‘मनशाचो सभावच तसो, बाब. जाय जाल्यार तुमीय येयात फुडें.’’

बाजूच्या सीटवर सात-आठ वर्षांचा मुलगा. तो मागं वळून बघत होता. म्हणाला, ‘‘पपा, लायन थंय फाटीं आसा न्ही?’’

बाप म्हणाला, ‘‘ओगी राव.’’

तर सूचना अशी, की पोराला अशा वेळी पुढच्याच सीटवर बसवावं. मागं बसलं तर धडा नीट दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये मुलांना गोळ्या वाटायला लावून बघितलं होतं, २००८चा अभ्यास. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं आपल्यापुरतंच बघतात, सात-आठची होईतो बरीचशी समान वाटणी पसंत करतात. गाडीतला मुलगा नेमका त्याच वयाचा. रांग मागं आहे हे त्याला दिसत होतं, कळत होतं, त्यानं बोलूनही दाखवलं! आणि त्याला गप्प करणारा माणूस मला मनुष्यस्वभाव शिकवत होता. बोट लागली, हे पहिले चढले, आमच्यातली एक गाडी मागं राहिली. त्या गाडीत एक म्हातारी होती. कुणी काही बोललं नाही. मीही काय बोलणार होतो, काच पुन्हा वर गेली होती.

जन्मतः काहीच येत नाही, असं मी म्हणत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा दिसतोच. पण गाडी उजवीकडं जनुकांनी घातली नव्हती, तुम्ही घातलीत. आणि गोव्यात राहून हे स्वभावाचं रडगाणं गाता? इथल्या गावांनी शेकडो वर्षं जमीन सामाईक ठेवली. १५२६च्या फोरालात, म्हणजे गावांच्या हक्क-रिवाजांच्या सनदेत, पोर्तुगीजांना ती वहिवाट लिहून घ्यावी लागली, एवढी ती मुरलेली होती. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा, बांध बघा. एका ठिकाणी फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरतं, म्हणून सगळ्यांनी मिळून तो राखला, भरती-ओहोटीला मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, सांभाळली. ती काय देवमाणसं होती? त्यांनाही पोट होतं, भावकीची भांडणं होती. आज मासळीसाठी तोच बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी येतात, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या त्याच सामाईक, जमिनीवर रातोरात भिंती उठतात. तिथंही विचारायला गेलं की हेच वाक्य ऐकू येतं.

पोराला सरळ सांगा ना, मला दुसऱ्याची फिकीर नाही म्हणून मी घुसलो. तेवढी हिंमत नाही, म्हणून अख्खी माणूसजात मध्ये घालता. त्याच माणूसजातीतले पन्नासेक जण तुमच्या मागं रांगेत उभे होते, त्यांनाही घरी जायचं होतं.