सीईए नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काय तपासण्या करायच्या, यावरच्या लेखात सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं एक प्रथिन) या रक्ततपासणीवरच भर आहे. ती मुख्यतः जुना कॅन्सर परतला का, हे बघायला. आतड्यात नवीन गाठ येतेय का ते कोलोनोस्कोपीतच (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं बघतात त्यात) दिसतं: ती ऑपरेशननंतर साधारण 1 वर्षाने, ठीक निघाली तर त्यापुढे 3 वर्षांनी आणि मग आणखी 5 वर्षांनी. आमच्या मोठ्या काकांचं आतडं गाठीने इतकं बंद होतं की दुर्बीण पुढे गेलीच नाही. अशा पेशंटचं उरलेलं आतडं ऑपरेशननंतर 3 ते 6 महिन्यांत बघतात, कारण दुसरी गाठ तेव्हाच लपलेली असू शकते. नागपूरच्या मे महिन्यात दुर्बिणीआधी आतडं साफ करायला घ्यावं लागणारं ते जुलाबाचं औषध म्हणजे शिक्षाच! नियमित तपासणी असेल तर हिवाळ्यातली तारीख मागा (चोथ्यामुळे संत्री मात्र आधी काही दिवस बंद). शौचातून रक्त पडत असेल तर थांबू नका. आणि कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, तर लिंच सिंड्रोमबद्दल (घराण्यात चालत येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष) डॉक्टरांना नक्की विचारा. त्यात दर 1-2 वर्षांनी दुर्बीण लागते.