टाच घासायची कानस

गावचं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली आणि माझा अख्खा महिना तिच्या नादात गेला. आजोबा शाळामास्तर, हातात कधी खडूपेक्षा जड काही धरलेलं आठवत नाही, आणि आत हा गंजलेल्या अवजारांचा ढीग! वाकस, पटाशी, गिरमिट एवढं मला ओळखू आलं कारण लहानपणी शाळा बुडवून सुताराकडं बसायचो. एक छोटी हातोडी होती, मागं दोन शिंगं असलेली, ती आईनं "बरी आहे हाताला" म्हणत लगेच किचनमध्ये नेली. उरलेल्या वस्तूंचे फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकले, इथंच चुकलं.

आमच्या घराण्यात "मला माहीत नाही" हे वाक्य अजून कुणी उच्चारलेलं नाही. लांब दांड्यांची एक पकड होती, काका म्हणाले अडकित्ता. दोन्ही हातांनी धरायचा अडकित्ता! एवढी सुपारी कुठं पिकते विचारलं तर म्हणे पूर्वी सगळंच मोठं असायचं. टोकाला वळलेली सुरी चुलतभावानं थेट शिवकाळात नेऊन ठेवली, मोबाईलमधलं फोटो ओळखणारं अ‍ॅप तिला बाटलीचं ओपनर म्हणालं. आणि हातभर लांब, एका अंगाला हे मोठाले दाते असलेली कानस बघून आत्याचा व्हॉइस मेसेज आला, "अरे ही इथं होय! लग्नाआधी टाचा घासायचे मी हिनं, असली मऊ व्हायची टाच, आता तसल्या वस्तू मिळत नाहीत."

शेवटी आठवडी बाजारादिवशी सगळं पिशवीत भरून एका म्हाताऱ्या नालबंद चाचांकडं गेलो. उसाचा सीझन, त्यामुळं चाचांना मान वर करायला फुरसत नाही. बैल दोरानं आडवा पाडलेला, चारही पाय एकत्र बांधलेले, आणि चाचा खुराला पत्री, म्हणजे बैलाचा नाल, ठोकतायत. उसाच्या गाड्या ओढून डांबरीवर खूर झिजतात ना, आणि बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन, बैलामागं आठ पत्र्या. घोड्याचं चार नालांत भागतं. मी म्हणालो, मग घोडा स्वस्त पडत असेल! चाचांनी ऐकलंच नाही असं दाखवलं, भला माणूस.

पिशवी उलटी केल्यावर मात्र अर्धा मिनिट लागला नाही. काकांच्या अडकित्त्याच्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला. "धार असती तर वाढलेला खूर कापायची म्हटलो असतो. ही बोथट हाय, जुना नाल उपटायची." शिवकालीन सुरी खुराच्या तळातली घाण कोरायची. पिशवीच्या तळाला गंजके खिळे होते, त्यातला एक माझ्या हातात देऊन म्हणाले, टोक चाचपून बघा. खरंच, एका अंगाला उतार होता. तो आतल्या बाजूला ठेवून ठोकला की खिळा वाकत वाकत खुराच्या भिंतीतून बाहेर निघतो, उलटा ठोकला तर आत मांसात घुसतो आणि जनावर लंगडं. बाहेर आलेलं टोक मग हातोडीच्या शिंगांत धरून पिळून तोडायचं.

कानस खूर सपाट करायची निघाली. आत्याला अजून कळवलेलं नाही.

"कुठल्या घरातलं म्हटलात हे?" चाचांनी विचारलं. मी आजोबांचं नाव सांगितलं.

"मास्तर! अवो, आमच्या अब्बांकडनं नेलतं त्यांनी. पेटीचं कुलूप निघंना म्हणून. दोन दिसात आणून देतो म्हटले."

आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली. मी काय बोलणार, पिशवी हळूच त्यांच्याकडं सरकवली. चाचांनी एकेक नग बाजूला काढून मोजला, मग माझ्याकडं बघितलं.

"हातोडी कुठाय?"

तिथूनच आईला फोन लावला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, मग मी नारळ कशानं फोडू?"