नंदाचं म्हणणं

तलावपाळीच्या कट्ट्यावर विषय सुध्याने काढला, म्हणजे आवाज पहिल्यापासूनच वरच्या पट्टीत. "लातूर जिल्हा परिषदेनं केलं तेच बरोबर! सांभाळत नाही ना आईबापांना? कापा 30 टक्के पगार! आई ती आईच!"

"ते सरकारी नोकरांचं झालं," मोने वकील म्हणाले. "बाकीच्यांसाठी 2007चा कायदा आहे. प्रांताकडे अर्ज करायचा, महिना 10 हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. मुलींनाही लागू आहे हां."

शेवटचं वाक्य नंदाकडे बघून. ती आईशी बोलत नाही हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

"मी पैसे पाठवते, मोने. एक तारखेला, न चुकता. रविवारी फोन केलाच पाहिजे असं कलम आहे का तुमच्या कायद्यात?"

"तसं नाही."

"मग झालं तर."

सुध्या उसळला. "पैसे फेकले की संपलं? नऊ महिने पोटात वाढवलं तिनं!"

"आणि पुढची अठरा वर्षं लाटण्याखाली. तेही धर की हिशेबात."

हिशेब म्हटल्याबरोबर पश्याला हरिहरेश्वरच्या गाडीभाड्याची आठवण झाली. सुध्याने त्याचा वाटा अजून दिलेला नाही. सुध्या म्हणे, मी सगळ्यांना मासे खाऊ घातले होते. पश्या म्हणे, तू शाकाहारी आहेस, मासे आम्हीच घेतले होते. त्यात दहा मिनिटं गेली.

मग प्राची हळूच म्हणाली, "नंदा, तुझ्या आईनं पण फार सोसलंय गं. सासू कसली होती तिची!"

"माहितीये. म्हणून तर मोठेपणीही किती वर्षं गप्प बसले. 'तुझ्याऐवजी दगड जन्माला आला असता तर धुणं तरी धुता आलं असतं', हे मी रोज ऐकलंय, पाहुण्यांसमोरसुद्धा. मला म्हणाली, चाललं. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तेच ती माझ्या मुलाला म्हणाली. दूध सांडलं म्हणून. मी त्याच्या चपला शोधल्या आणि निघाले."

कुणी काही बोललं नाही. मला नंदाचं मनापासून पटतं. आईला समजून घेणं आणि स्वतःचं पोर तिच्या तोंडी देणं यात फरक आहे, आणि तो दिवाळीच्या दिवशी, भरल्या घरात करायला धाडस लागतं.

"आणि आता तू काय, त्याला कधी ओरडतच नाहीस?" पश्याने विचारलं.

"ओरडते की. तिचंच वाक्य माझ्या जिभेवर येतं, अगदी त्याच हेलात. मग मी बाल्कनीत जाते. कधी सुटलंच तोंडातून, तर राग उतरल्यावर त्याला सॉरी म्हणते."

"पोराला सॉरी!" सुध्याने कपाळावर हात मारला. "डोक्यावर मिरे वाटेल तो उद्या!"

"वाटू दे. माझ्या डोक्यावर वरवंटाच होता."

"आम्ही मार खाल्ला, बिघडलो का?"

"हे पश्याला विचार," नंदा म्हणाली. मोने म्हणाले, शाळेत मुलांना मारायला शिक्षण हक्क कायद्याने 2009मध्येच बंदी घातली. सुध्या म्हणाला, तेव्हापासूनच मुलं उद्धट झाली. याच सुध्याला शाळेत कंपास फेकला म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, हे पश्याने लगेच सांगून टाकलं.

"बरं सुध्या," नंदा म्हणाली, "तुझ्या आईची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची?"

सुध्या गप्प. मग, "सकाळची. बहुतेक."

"बहुतेक नको. वहिनींना विचार."

पश्याने स्वतःच फोन लावून स्पीकरवर टाकला. वहिनींचा आवाज आला, "बीपी मला आहे हो भावजी. सासूबाईंना थायरॉईड. आणि ह्यांना म्हणावं, येताना दोघींच्या गोळ्या आणा."

मोनेंना ठसका लागला. प्राची त्यांच्या पाठीवर थापटत होती आणि पश्या सुध्याला, 30 टक्के रोख देणार की गाडीभाड्यासोबत, असं विचारत होता.