“थर्मोस्टॅट बदलायला तीन दिवस” या एक स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला, मग झोप काही लागली नाही. ट्रेलर लावलेला असताना भर चढावर पिकअप पुन्हा उकळली, सोबत घरची माणसं होती, त्याबद्दल मनापासून सॉरी. तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत तेही चुकलंच, मी गाडीखाली होतो आणि मोबाईल टेबलावर.

पण “थर्मोस्टॅट बदलायला तीन दिवस गाडी अडकवून ठेवली, सगळं अंदाजपंचे” हे जे लिहिलंय ते मनाला लागलं. ते वाचून चार गिऱ्हाईकं परत जातात आणि आमचं घर याच गॅरेजवर चालतं, म्हणून त्या तीन दिवसांचं सांगतो. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे सोडणारी झडप.)

पहिला दिवस म्हणजे तुम्ही संध्याकाळी गाडी आणलीत ती गरम, रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक. अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, त्यामुळे रात्रभर थंड होऊ देणं हाच उपाय, तो दिवस तुम्ही आमच्या खात्यात धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर दोनेक लिटर कूलंट कमी आणि जे होतं ते चहासारखं तांबूस. १५ पीएसआय प्रेशर भरून वीस मिनिटं ठेवलं, काटा हलला नाही, म्हणजे बाहेर कुठे गळती नाही. हेड गॅस्केटची (इंजिनाच्या हेडखालच्या सीलची) भीती तुम्हालाही होती म्हणून इंजिनातला गॅस कूलंटमध्ये येतोय का याची टेस्ट केली, टेस्टच्या लिक्विडचा रंग बदलला नाही, म्हणजे ते ठीक. इंजिन गरम करून बंद केलं आणि पंखा हाताने फिरवून बघितला, जड फिरला, म्हणजे फॅन क्लच (इंजिन तापलं की पंखा जोरात फिरवणारा पार्ट) ठीक. मग थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला, त्यावर ८२ डिग्री लिहिलेलं, तिथे उघडायला लागून पंचाण्णवच्या आसपास पूर्ण उघडायला हवा, तो पाणी खळाखळा उकळलं तरी अर्ध्यावरच अडकला. हे पातेलं तुम्हाला दाखवलं होतं साहेब, तुम्ही व्हिडिओही काढलात! तेव्हा हा पार्ट खराब होता, अंदाजाने बदललेला नाही. (तुमच्या मित्राने “थर्मोस्टॅट काढूनच टाका” असं सुचवलं होतं, ते आम्ही करत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.)

दुपारी गाडी घेऊन चाळीस मिनिटं फिरलो, शेजारी इंजिनाचं नेमकं टेंपरेचर दाखवणारा स्कॅनर लावून, कारण डॅशबोर्डचा काटा बराच वेळ मधेच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. टेंपरेचर ८८ ते ९२, एकदम नॉर्मल. आता इथेच खरी गोम आहे. तुमची तक्रार होती फक्त ट्रेलर ओढताना गरम होते. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून ती तक्रार दिसणारच नाही. जळलेल्या इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश उष्णता कूलंटमधूनच बाहेर काढावी लागते, त्यात चढ, मागे वजन, खालचा गिअर, स्पीड कमी म्हणजे समोरून हवाही कमी. अर्धा चोंदलेला रेडिएटर रिकाम्या गाडीला पुरतो, लोडला नाही पुरत. म्हणून मी तुम्हाला फोन करून म्हटलं, ट्रेलर घेऊन या, सोबत चढावर जाऊन बघू. तुम्ही म्हणालात, त्यात सामान भरलंय, जमणार नाही. बरं.

तिसऱ्या दिवशी मग मीच मागच्या हौद्यात जुने गिअरबॉक्स आणि इंजिनाचे ब्लॉक भरले, एसी फुल केला आणि चढ चढवला. स्कॅनरवर १०१ पर्यंत गेलं, वर पोचल्यावर खाली आलं. उकळली नाही पण मला पटलं नाही, आणि मी तुम्हाला म्हटलं की रेडिएटरवर डाऊट आहे, उतरवून बघू, अजून एक दिवस द्या. तुम्ही घड्याळ बघून म्हणालात “गाडी आजच पाहिजे, उद्या निघायचंय”. म्हणजे एकीकडे तीन दिवस जास्त झाले आणि दुसरीकडे चौथा दिला नाही, यात मी नक्की काय करायला हवं होतं ते मला खरंच कळत नाही. माझी चूक एवढीच की हे बोलण्यावर सोडलं, बिलावर “रेडिएटर तपासणी बाकी, लोड ओढू नये” असं लिहायला हवं होतं. ती मानतो.

दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा इंजिन चालू ठेवून टेंपरेचर गन रेडिएटरवरून फिरवली, वरचा भाग नव्वदीत आणि डावीकडचा हातभर रुंद पट्टा पन्नाशीतच. तिथून पाणी फिरतच नव्हतं. उतरवून खालचा टँक उघडला तर आत तपकिरी चिकट गाळ, बोटाला गोंदासारखा. आणि माझ्या पोराला सीटच्या मागे गळती बंद करायच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. ते औषध गळती भरतं तसंच रेडिएटरच्या बारीक नळ्याही भरून टाकतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कूलंटमध्ये काही टाकलंय का, तर “नाही” म्हणालात. तुम्हाला खोटं पाडायचं नाही, विसरला असाल. पण “वर मलाच दोष दिला” असं जे लिहिलंत ते हेच, मी बाटली दाखवली, बाकी एक शब्द बोललो नाही.

असो. फोनचं काहीतरी बघतो, आणि इथून पुढे काय तपासलं नि काय राहिलं ते लेखी द्यायचं म्हणतोय, जमेल तसं. नवीन रेडिएटर बसवलाय, सिस्टीम धुवून कूलंट नवीन भरलंय. एकदा भरलेला ट्रेलर जोडून या, मी स्कॅनर घेऊन शेजारी बसतो, त्याचे पैसे घेणार नाही. फक्त गरम गाडी आणू नका, सकाळी या.